भाडेकरारावर ई-सही कशी करावी, आणि जपावी कुठे

रामबागेतल्या मावशीने वरची खोली सुपर कॉरिडॉरवर नोकरी लागलेल्या एका मुलाला दिली. मुलगा तेव्हा नागपुरात होता, त्यामुळे भाडेकरार (आमच्या इंदुरी मराठीत किरायानामा) मोबाइलवरच झाला. दोघांनी आधारच्या ओटीपीने सही केली. दुसऱ्या दिवशी मावशीने प्रिंट काढली, राजवाड्याजवळ जाऊन लॅमिनेट करून आणली आणि जागा अडते म्हणून तो ईमेल पुसून टाकला. घरातला सगळ्यात जपलेला कागद तो, आणि सही मात्र त्याच्यावर नाहीच!

ई-सही म्हणजे पानावर दिसणारं नाव-तारखेचं खोकं नव्हे. फाइलमधल्या मजकुराचा एक गणिती ठसा निघतो आणि तो सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने, म्हणजे त्याच्या एका गुप्त सांकेतिक आकड्याने, बंद होतो. नंतर कुणी भाड्याच्या आकड्यातला एक शून्य बदलला तरी ते उघडं पडतं. प्रिंटमध्ये येतं ते त्या खोक्याचं चित्र. कुलूप राहतं फाइलमध्ये.

तर पहिली पायरी, दस्त कोणता ते बघा. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू असलेला माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ५ मध्ये ई-सहीला हातच्या सहीचा दर्जा देतो, आणि केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार फेटाळता येत नाही, असं कलम १०अ सांगतं. पण याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्त बाहेर ठेवलेत. मृत्युपत्राला ई-सही चालत नाही, ट्रस्टच्या दस्तालाही नाही. मुखत्यारपत्राची सूट २०२२ मध्ये आली, पण ती रिझर्व्ह बँक, सेबी वगैरेंच्या नियंत्रणाखालच्या संस्थांच्या नावे केलेल्या मुखत्यारपत्रापुरती. अमेरिकेतल्या मुलाने बाबांच्या नावे घरासाठी मुखत्यारपत्र ई-सही करून धाडलं, तर त्याचा उपयोग नाही. घरविक्रीचा करार त्याच वर्षी या यादीतून निघाला, तरी विक्रीखताची नोंदणी काही सुटलेली नाही. भाडेकरारही एक वर्षाहून जास्त मुदतीचा असला की नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांची चाल पडली ती त्यामुळेच.

मग स्टॅम्प. इथे लोक हटकून चुकतात. सही ऑनलाइन केली म्हणून मुद्रांक शुल्क माफ होत नाही, आणि ते सहीच्या आधी किंवा सहीच्या वेळी भरलेलं असावं लागतं. स्टॅम्प नसलेला करार कोर्टात पुरावा म्हणून घेत नाहीत. शुल्क आणि वर दंड भरावा लागतो. म्हणून ई-स्टॅम्पचं पान आधी घ्या, ते आणि कराराची पानं मिळून एकच पीडीएफ करा आणि मगच सहीला पाठवा. सही झाल्यावर पान जोडायला गेलात की सही मोडते.

सही कशाने करायची? घरगुती करारासाठी आधार ई-साइन पुरेसं आहे. आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा, बस्स. दुसरा मार्ग डीएससीचा (डिजिटल सही प्रमाणपत्राचा), म्हणजे यूएसबी टोकनमधली सही. ती परवानाधारक प्रमाणन संस्थेकडूनच घ्यावी लागते. या संस्थांची यादी केंद्र सरकारच्या प्रमाणन नियंत्रकाच्या, म्हणजे सीसीएच्या, संकेतस्थळावर आहे. व्यापारी मंडळींना एक सांगणं: तुमचं टोकन आणि त्याचा पिन सीएच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, ते बरं नाही. सीए कितीही भला असो, किल्ली सांभाळण्याची जबाबदारी कलम ४२ ने तुमच्यावर टाकली आहे.

सहीचा फोटो काढून पीडीएफवर चिकटवला तर? करार लगेच रद्द होतो असं नाही. नुसत्या ईमेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करारही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता प्रकरणात मान्य केला होता. मात्र समोरच्याने 'ही माझी सही नाही' म्हटलं, की सिद्ध करत बसायचं तुम्ही.

दोघांनी एकाच फाइलवर, एकामागून एक सही करायची. मध्येच कुणी प्रिंट काढून, स्कॅन करून परत पाठवली तर पहिली सही गेली, सुरुवातीपासून करा.

आता तपासणी. फाइल कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा. हिरवी खूण दिसली तर उत्तम. बहुधा पिवळं प्रश्नचिन्ह दिसेल, त्याने घाबरू नका; आपल्या देशाचं मूळ प्रमाणपत्र त्या कॉम्प्युटरला ओळखीचं नाही, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. खोक्यावर क्लिक करून प्रमाणपत्राची साखळी, म्हणजे कुणाच्या प्रमाणपत्राला कुणी दुजोरा दिला ते, पाहा. सगळ्यात वर 'सीसीए इंडिया' असेल आणि नाव त्याच माणसाचं असेल, तर विश्वासू यादीत टाका. सहीनंतर दस्त बदलला आहे असा इशारा दिसला, तर मात्र ती फाइल घेऊच नका. आधार ई-साइनच्या प्रमाणपत्राची मुदत अर्ध्या तासाची दिसते, तेही ठीक आहे. सही त्या अर्ध्या तासात झालेली असली म्हणजे झालं.

शेवटी फाइल मूळ नावानिशी दोन ठिकाणी ठेवा आणि ज्या ईमेलने ती आली तो ईमेलही राहू द्या. वाद कोर्टात गेलाच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे फाइलसोबत तिच्या खरेपणाबद्दलचं एक वेगळं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते द्यायला मुळात फाइल हवी.

मावशीचा करार वाचला तो त्या नागपूरच्या मुलामुळे. त्याच्या ईमेलमध्ये फाइल तशीच होती. त्याने परत पाठवली. लॅमिनेट केलेली प्रत अजून देवघराच्या कपाटात आहे.