मणक्याच्या ऑपरेशनची तयारी: आधी ती गोळी सांगा

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सर्जनना सांगा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, जी असेल ती. मागच्या खेपेला बाबांची ही गोळी सांगायची माझ्याकडून राहिली आणि रात्रभर उपाशी ठेवलेल्या माणसाला तसंच घरी आणावं लागलं. क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. पण आपल्या मनाने नाही! स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही.

आधार, फाईल वगैरे घ्यालच. दीनदयाळ कार्डाची, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या कार्डाची, मुदत बघा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट चालत नाही, फिल्म लागते.

ऑपरेशन नेमकं कुठलं, ते विचारून घ्या. दोन मणक्यांमधल्या गादीचा तुकडा नसेवर आला असेल तर तेवढाच काढतात, ती डिसेक्टॉमी. वयामुळे नसांची वाटच अरुंद झाली असेल, म्हणजे थोडं चाललं की पाय भरून येतात आणि वाकून उभं राहिलं की बरं वाटतं, तर मणक्याच्या मागचं हाड काढून जागा करतात, ती लॅमिनेक्टॉमी. मणका पुढे सरकला असेल तर स्क्रू घालून जोडतात. स्क्रू सांगितले तर ‘का?’ विचारा, लाजू नका. पटलं नाही तर दुसऱ्या सर्जनना दाखवा. आणि पायातली कळ बहुतेक जाते, कंबरदुखी जाईलच असं नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. विडी-सिगारेट बंद, नाहीतर जोडलेलं हाड धरत नाही.

‘गणपतीची चवथ झाली की बघू’ हे आपलं नेहमीचं. पण लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर १०८ बोलवा आणि त्याच रात्री बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठा.

भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा गोळी परत सांगा. वॉर्डातल्या नर्सलाही सांगा. फाईलवर लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. तोंडाने सांगा. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या, म्हणजे नावं आठवत बसायला नको.

घरी कमोडची खुर्ची. न्हाणीच्या चिऱ्यांवरचं शेवाळ आधीच घासून काढा, पावसात तिथेच पाय घसरतो.

नंतरचं थोडक्यात. वाकणं, ओझं, कमरेला पीळ नको. स्कूटर डॉक्टर सांगतील तेव्हा. थांबवलेली गोळी कधी सुरू करायची ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय उठू नका. ताप आला किंवा टाके ओले दिसले तर लगेच फोन.