पॉन्टून बोटीला किती एचपीचं इंजिन? निवडताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या पॉन्टून बोटीची, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणाऱ्या सपाट बोटीची, ट्रायल सकाळी सातला झाली. बोटीवर मी आणि विकणारा, असे दोघंच. टाकी पाव भरलेली, पाणी आरशासारखं. ४० एचपीच्या आउटबोर्डवर (बोटीच्या मागच्या टोकाला बाहेरून लावलेल्या इंजिनवर) बोट झकास पळाली आणि मी लगेच होकार दिला. पुढच्या रविवारी आठ माणसं चढली, टाकी काठोकाठ भरली, थ्रॉटल शेवटपर्यंत ढकलला, पण आरपीएमचा काटा ४,६०० च्या पुढे जाईना. तेही एक वेळ चाललं असतं. परत येताना आडवा वारा सुटला आणि बोट काही केल्या धक्क्याला लागेना. तीनदा हुकलो. शेवटी धक्क्यावरच्या दोघांनी दोरी धरून आम्हाला ओढून घेतलं.

तेव्हापासून कोणी ‘वीस फुटी बोट आहे, किती एचपी लागेल?’ असं विचारलं की मी उलट विचारतो, माणसं किती आणि वारा किती?

फक्त लांबी बघून एचपी ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक. एकदा वजनाची बेरीज करून बघा. सरासरी ७५ किलो धरली तर आठ माणसांचे ६०० किलो झाले. १०० लिटर पेट्रोलचे साधारण ७५. बॅटरी, नांगर, दोर, बर्फाची पेटी, पाण्याचे कॅन मिळून आणखी शंभरेक किलो सहज होतात. म्हणजे पावणेआठशे किलो. दोन नळ्यांच्या वीस फुटी बोटीचं स्वतःचं वजनच आठ-नऊशे किलोच्या आसपास असतं. ट्रायलला पळालेली बोट आणि रविवारी निघालेली बोट एकच होती, असं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

ढोबळ अंदाजच हवा असेल तर असा: चार माणसं, निवांत फेरफटका किंवा मासेमारी, १६ ते १८ फुटी बोट, तर २५ ते ५० एचपीत भागतं. २० ते २२ फुटी बोट आणि आठ माणसं असली की ९० ते ११५ कडे बघा. तीन नळ्यांची बोट, मागे स्कीइंग वगैरे करायचं असेल तर १५० पासून पुढे.

वाऱ्याचं गणित मात्र या आकड्यांत नाही. पॉन्टून पाण्यात उथळ बसते आणि वर कठडा, सोफे, छत असा सगळा पसारा असतो. वाऱ्याच्या दृष्टीने ते शीडच. हळू वेगात बोट ताब्यात ठेवायला टॉप स्पीडचा काहीच उपयोग नाही, तिथे रेटा लागतो.

प्लेटवरचा आकडा चुकीचा वाचणं

बोटीवर क्षमतेची प्लेट असते, तिच्यावर कमाल एचपी लिहिलेली असते. काहीजण ती ओलांडतात. तसं करू नका. मागचा इंजिन बसवण्याचा भाग तेवढ्यासाठीच बनवलेला असतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तीच प्लेट बघेल. उलट काहीजण पैसे वाचवायला आकड्याच्या निम्म्यावर येतात. माझं मत विचाराल तर भरलेल्या बोटीसाठी कमाल आकड्याच्या तीन-चतुर्थांशाखाली उतरू नये. प्लेटवर किलोवॅट असतील तर १ किलोवॅट म्हणजे साधारण १.३४ एचपी.

एचपी दुप्पट, वेग दुप्पट, हा समज

दोन साध्या नळ्यांची बोट पाणी कापत जाते, स्पीडबोटीसारखी पाण्यावर उचलली जात नाही. एका मर्यादेनंतर वाढीव ताकद नुसत्या लाटा उठवण्यात खर्च होते. नळ्यांना खालून उचल देणाऱ्या पट्ट्या असतील किंवा मधली तिसरी नळी असेल, तरच मोठ्या इंजिनचं चीज होतं. शिवाय वजन आहेच. ६० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन ११०-१२० किलोचं, तर ११५ एचपीचं १६० च्या पुढे. तो सगळा भार मागच्या टोकावर येतो.

दोन ‘साठ’ सारखेच समजणं

हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. मर्क्युरी कंपनीचं साधं ६० एचपी इंजिन १.८३:१ गिअर रेशोचं असतं, म्हणजे इंजिनच्या १.८३ फेऱ्यांना पंख्याची एक फेरी, आणि त्याच्याच जास्त रेट्याच्या मॉडेलला २.३३:१ चा मोठा गिअरकेस येतो. ताकद तेवढीच, पण पंखा मोठ्या व्यासाचा लावता येतो आणि तो सावकाश, जोर लावून फिरतो. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो तसंच हे. पॉन्टूनला हा दुसरा प्रकारच घ्यावा. ४० चं इंजिन काढून मी तोच बसवला.

शाफ्टची, म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याची, लांबीही मोजून घ्या: १५, २० आणि २५ इंच ही नेहमीची मापं. शाफ्ट आखूड पडला तर वळताना पंखा हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट मात्र जागच्या जागी. अशा वेळी दोष एचपीला देऊ नका.

उंचावरच्या तलावात बोट चालवणार असाल तर दर ३०० मीटरला अंदाजे ३ टक्के ताकद घटते. १,५०० मीटरवर ६० चे ५१ उरतात.

काटा चढत नाही, मग इंजिन बदलायचं?

थांबा. नेहमीचा भार घेऊन, शांत पाण्यात, पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम बघा आणि इंजिनच्या पुस्तिकेतल्या कमाल थ्रॉटलच्या पट्ट्याशी ताडा. बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांचा पट्टा ५,००० ते ६,००० असतो. काटा त्याच्या खाली अडकत असेल तर आधी फुकटातल्या गोष्टी तपासा. थ्रॉटलची केबल इंजिनच्या टोकाला पूर्ण उघडते का? नळ्यांना शेवाळ धरलंय का? बोट एका बाजूला कलते का? कलत असेल तर त्या नळीत पाणी शिरलेलं असू शकतं, आणि ते कोणत्याही एचपीने बाहेर येणार नाही.

हे सगळं ठीक असेल तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो पाण्यात जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, कमी करून बघा. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. जुन्या ४० च्या इंजिनला मी १३ चा काढून ११ चा लावला होता, तर काटा ४,९५० पर्यंत आला. पट्ट्याच्या उंबरठ्यावर, आत नाही. इंजिनची कुथणी कमी झाली, पण वाऱ्यात बोट तशीच भरकटायची. तेव्हा कुठे कळलं की इंजिन खरंच लहान आहे. असंच रेटत राहिलो असतो तर आत काजळी धरून ते लवकर खलास झालं असतं.

उलटी तक्रारही येते: आरपीएम भसाभस चढतात, वेग नाही. इथे मोठं इंजिन घेण्याआधी पंख्याच्या बुशचं, म्हणजे मधल्या नळीसारख्या भागाचं, रबर बघा. पंखा काढून बुश आणि बाहेरचा भाग यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ ओढा, परत बसवून जोरात एक फेरी मारा. रेघ तुटलेली दिसली तर रबर घसरतंय. पंखा दुरुस्तीला द्या, इंजिनला हात लावू नका.

नवी बोट घेताना ट्रायल दुपारच्या वाऱ्यातच मागा. आठ माणसं जमत नसतील तर वीस लिटरचे पाण्याचे कॅन भरून न्या, तीस कॅन म्हणजे ६०० किलो. विकणारा तोंड वाकडं करेल. करू दे. धक्क्याला बोट तुम्ही स्वतः लावून बघा, त्याला लावू देऊ नका.