मालिकेचं संकलन अभ्यासताय? या चुका टाळा

सोलापुरातली मुलं टीव्हीवरचा प्रकल्प घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा पहिल्याच पानावर बहुतेकदा 'संकलन वेगवान आहे' असं वाक्य असतं. किती वेगवान, याला उत्तर नसतं, कारण शॉट, म्हणजे एका कटापासून पुढच्या कटापर्यंतचे सलग चित्राचे तुकडे, मोजलेलेच नसतात. आधी मोजा. जाहिराती, शीर्षकगीत आणि 'मागील भागात' वगळा. एकाच चेहऱ्यावर लागोपाठ तीनदा कट मारला असेल, तर ते तीन शॉट धरायचे, एक नव्हे.

मोजलं तरी सरासरीवर थांबू नका. समजा, दहा मिनिटांत १२० शॉट आले, म्हणजे सरासरी ५ सेकंद. पण त्यातला चार मिनिटांचा स्वयंपाकघरातला संवाद २० शॉटमध्येच उरकला असेल, तर तिथला शॉट १२ सेकंदांचा आणि उरलेल्या भांडणातला जेमतेम ३.६ सेकंदांचा. सगळी गंमत या फरकात असते, आणि ५ हा आकडा नेमका तोच झाकतो. म्हणून प्रसंगवार मोजा.

थेट प्रक्षेपणाला मालिकेचे निकष लावणं ही मला सगळ्यात खटकणारी चूक. आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेतली नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक घ्या. एका शॉटमध्ये नंदीध्वज डावीकडे चाललेत, पुढच्यात उजवीकडे. वहीत शेरा: 'संकलकाने १८० अंशांचा नियम मोडला.' (पडद्यावरची दिशा उलटू नये म्हणून कॅमेरा कृतीच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा तो नियम.) अहो, कॅमेरे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि स्विचरवर, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या यंत्रावर, बसलेला माणूस त्याच क्षणी कट मारतो. मागाहून दुरुस्ती करायची सोय त्याला नसते. बघायचं ते हे, की मध्ये समोरून किंवा गच्चीवरून घेतलेला शॉट टाकून त्याने दिशा सांभाळली का? अक्षता पडतात त्या क्षणी तो कुठे थांबला, गर्दीवर की नंदीध्वजांवर?

झूम (भिंगानेच चित्र मोठं करणं) आणि ट्रॉली (कॅमेराच पुढे नेणं) यांची गल्लत होत असेल, तर चेहऱ्यामागची खिडकी पाहा. झूममध्ये दोन्ही एकाच प्रमाणात मोठे होतात. कॅमेरा खरंच पुढे सरकला असेल, तर चेहरा झपाट्याने वाढतो आणि खिडकी मागे रेंगाळते.

जुन्या दूरदर्शन मालिका ४:३ (रुंदी:उंची) चौकटीतच बघा. पडदाभर ताणलेल्या चित्रावरून क्लोजअपबद्दल काही लिहू नका.

चित्र थांबवल्यावर हलत्या हातावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या, तर त्याला शैली समजू नका. आपल्या जुन्या प्रक्षेपणात सेकंदाला २५ फ्रेम, पण त्या ५० फील्डमध्ये, म्हणजे एकाआड एक रेघांच्या अर्ध्या चित्रांमध्ये, विभागलेल्या. विंडोजवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये 'डी' दाबा, रेघा जातील. 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे सरका, कट नेमका कुठे पडला ते दिसेल.