दोन दुकानं, एक भिंत: नाताळची उबदार प्रेमकथा कशी लिहायची

शेजारशेजारची दोन छोटी दुकानं, मालक आणि मालकीण एकमेकांना पाण्यात बघतात, आणि २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत प्रेमात पडलेले असतात, हे ऐकायला इतकं सोपं वाटतं ना की आपण लगेच लॅपटॉप उघडून बसतो. मीही बसले होते. चाळीस पानं झाली, बर्फ पडून झाला, कॅरल्स गाऊन झाली, दोघं रस्त्यात तीनदा एकमेकांवर धडकले पण, आणि ते सगळं वाचून मैत्रीण म्हणाली, "छान आहे गं, पण यांचं भांडण नक्की कशावरून आहे?" मला सांगताच येईना. मी पहिल्या पानावर "ते कट्टर प्रतिस्पर्धी होते" एवढं लिहून मोकळी झाले होते आणि पुढे ते दोघं नुसतेच एकमेकांकडे रागाने बघत होते, बिचारे.

त्यामुळे बाकी सगळं नंतर, आधी भांडण शोधा. आणि ते गल्ल्यातलं, म्हणजे पैशाचं, शोधा. तो खडूस आहे आणि ती बडबडी आहे, याने चार पानं निघतात, गोष्ट निघत नाही. एकाच्या धंद्यामुळे दुसऱ्याचं खरंखुरं, मोजता येईल असं नुकसान व्हायला पाहिजे, आणि गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असायला पाहिजे. एक जण चुकीचा असेल तर तो माफी मागेल आणि विषय संपेल. गैरसमजावर उभं केलेलं भांडण तर अजिबात नको, कारण वाचक दहाव्या पानावर वैतागून म्हणतो की अरे मग एकदा बसून बोला की.

मी शेवटी काय केलं ते सांगते म्हणजे कल्पना येईल. दोन बेकऱ्या घेतल्या नाहीत, तो मोह सगळ्यांनाच होतो पण एकच माल विकणाऱ्या दोघांमध्ये भावात कापाकापी सोडून फार काही घडत नाही. मी एक बेकरीवाला घेतला आणि एक मेणबत्तीवाली घेतली, आणि मधे एक सामाईक भिंत. त्याची भट्टी त्या भिंतीला लागून. तिच्या बाजूला त्याच भिंतीवर फळ्या, फळ्यांवर उंच बारीक मेणबत्त्या. आता मेण वितळायला साधारण ५०-६० डिग्री लागतात, पण वाकायला तेवढं लागत नाही, बंद गाडीत उन्हात विसरलेली मेणबत्ती बघितली असेल तर कळेल. म्हणजे हिचा माल रोज थोडा थोडा मान टाकतोय. आणि उलट बाजूने काय, तर ही लवंग, लॅव्हेंडर, व्हॅनिला असलं काय काय मेणात घालते, तो वास छताजवळच्या फटीतून पलीकडे जातो, आणि लोणी ही वस्तू आजूबाजूचा वास अशी ओढून घेते की विचारू नका. गिऱ्हाईक केक परत आणून म्हणतं, याला साबणासारखा वास येतोय. झालं. दोघांचंही नुकसान खरं, दोघांचाही दोष नाही, आणि भिंत कुठे जात नाही. असं काहीतरी तुमचं तुम्ही शोधा, माल उतरवायची एकच जागा असेल, एकच जिना असेल, काहीही, पण हात लावता येईल असं.

यानंतर कॅलेंडर भिंतीवर लावा, खरोखर लावा. नाताळच्या गोष्टीत तारीख हेच घड्याळ असतं आणि बरेच जण ते वापरतच नाहीत, नुसतं "डिसेंबरची एक थंड संध्याकाळ" म्हणून सोडून देतात. अ‍ॅडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, त्यातला पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मधे कधीतरी येतो. दर रविवारी चक्रात लावलेल्या चार मेणबत्त्यांपैकी एक जास्त पेटते. बऱ्याच चर्चेसमध्ये यातल्या तीन जांभळ्या असतात आणि एक गुलाबी, ती तिसऱ्या रविवारची. (या मेणबत्त्यांच्या चक्राची सुरुवात हॅम्बुर्गमध्ये १८३९ साली योहान विखर्न नावाच्या पाद्र्याने केली असं धरतात, त्याच्या संस्थेतली मुलं नाताळ कधी नाताळ कधी करून डोकं खायची म्हणून. मला हा माणूस फार आवडतो.) आता दुकानदाराच्या नजरेने बघा. पहिला रविवार उलटला की चारचा संच कोण घेणार? तो माल वर्षभर पडून राहणार. आणि संचात गुलाबी एकच, ती वाकली की अख्खा संच गेला. म्हणजे नुसतं "तिचं नुकसान झालं" असं लिहायची गरजच नाही, एक वाकडी गुलाबी मेणबत्ती पुरते.

तो प्रसंग मी असा लिहिला. सकाळ, बेकरीत रांग, मेणबत्तीवाली रांग मोडून काउंटरपाशी, हातात ती गुलाबी मेणबत्ती, आणि तो विचारतो.

"हे काय आहे?"
"मेणबत्ती."
"वाकडी आहे."
"काल रात्री सरळ होती. तुमच्या भट्टीला विचारा."
"विचारतो. तोवर तुम्ही लोण्याला विचारा, त्याला लॅव्हेंडर कुणी लावलं."

रांगेतले दोघं हसतात, आणि त्यांच्या हसण्याचा राग दोघांनाही एकदमच येतो. बस, एवढंच. कुणाचे डोळे निळे, कुणाचे केस पिठाने माखलेले, ते नंतर येऊ दे.

केकचंही कॅलेंडर असतं हे विसरू नका. सुक्या मेव्याचा नाताळचा केक आदल्या दिवशी भाजत नाहीत, तो काही आठवडे आधी होतो आणि मग अधूनमधून त्याला रम नाहीतर ब्रँडी पाजत ठेवतात. म्हणजे २२ तारखेला भट्टी बंद पडली तर केक असतात, ब्रेड नसतो. ही बारीकशी गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली.

आणि दोघांच्या वेळा लिहून काढा. बेकरीवाला पहाटे तीनला येतो, दुपारी झोपतो. मेणबत्तीवाली दिवसभर विकते आणि शटर खाली ओढल्यावर रात्री मेण ओतते. म्हणजे एरवी ते भेटतच नाहीत, एकमेकांचा फक्त आवाज ऐकतात भिंतीतून. पण डिसेंबर चढतो तशी तिची रात्र लांबत जाते आणि त्याची पहाट अलीकडे सरकते, आणि एका रात्री दीड वाजता दोन्ही दुकानांत दिवे असतात. मला मुद्दाम धडकवावं लागलं नाही कुणाला. ऑर्डर वाढल्या आणि ते आपोआप भेटले.

आता संवाद. इथे मराठीत लिहिणाऱ्याची चैन आहे, आणि लोक ती फुकट घालवतात. आपल्याकडे "तुम्ही" आणि "तू" आहे, "आम्ही" आणि "आपण" आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला यातलं काही मिळत नाही म्हणून त्याला बिचाऱ्याला दर वेळी दोघांना मिसलटोखाली (नाताळात टांगतात ती डहाळी, तिच्याखाली चुंबन घ्यायची प्रथा आहे) नेऊन उभं करावं लागतं. तुमची दोघं दुकानदार माणसं आहेत, धंद्यातली, ती "अहो-जाहो"नेच सुरुवात करणार. मग पहिलं "तू" कुठे निसटतं हे ठरवून ठेवा, आणि माझं ऐकाल तर ते भांडणात निसटू द्या, गोड क्षणात नाही. माझ्या गोष्टीत रात्री दीडलाच ते होतं, ती मेणाचं गरम भांडं उचलायला जाते, हातात फडकं नाही, आणि हा दारातून ओरडतो, "अगं भाजशील ना, कळत नाही का तुला!" पुढची पाच सेकंद कुणीच काही बोलत नाही. आणि खरी मजा दुसऱ्या दिवशी आहे, कारण दुसऱ्या दिवशी दोघंही परत "तुम्ही"वर येतात आणि तेही जरा जास्तच, म्हणजे "आपण बसावं", "आपली हरकत नसेल तर" असलं, आणि वाचक गालातल्या गालात हसतो.

"आमचं-आपलं"चंही तसंच. पूर्ण गोष्टभर ती "आमची भिंत" म्हणते, तोही "आमची भिंत" म्हणतो, दोघंही हक्क सांगताहेत. एकदाच, शेवटाकडे, कुणी तिसरा माणूस विचारतो ही भिंत कुणाची, आणि तिच्या तोंडून जातं, "आपली." तिथे मग पान भरून वर्णन नको.

मधला भाग सगळ्यात अवघड. उबदार गोष्ट म्हणजे काहीच वाईट घडत नाही असा गैरसमज आहे. वाईट घडतं, पण त्या दोघांच्या आवाक्यातलं घडतं, कुणी मरत नाही, खलनायक लागत नाही. एक मोह टाळा, तो म्हणजे समोर मोठं मॉल उघडायचं आणि दोघांना त्याच्याविरुद्ध एकत्र आणायचं. तसं केलं की त्यांचं मूळ भांडण सुटतच नाही, फक्त विसरलं जातं. त्यापेक्षा पहिल्या भागात एकाने रागाच्या भरात केलेली गोष्ट शेवटी परत येऊ द्या. माझ्या मेणबत्तीवालीने नोव्हेंबरात जागामालकाला पत्र टाकलं होतं, भट्टीने भिंत तापते, बघा. मग ती विसरली, मग आठवलं तेव्हा परत घ्यायला लाजली. आणि २२ डिसेंबरला जागामालक भट्टी बंद करायला लावतो, तपासणी होईपर्यंत.

तिला हे कुणी सांगत नाही. ती सकाळी दुकान उघडते आणि दुकान गार आहे. मेण ओतते तर ते भराभर आकसतं, काचेपासून सुटतं, वर मधोमध खड्डा पडतो. दुसरा ग्लास, तोच प्रकार. आणि मग ती भिंतीला हात लावते. जी भिंत तिच्या मेणबत्त्या वाकवत होती तीच हिवाळाभर तिचं दुकान गरम ठेवत होती, हे तिला तेव्हा कळतं, आणि वाचकालाही तेव्हाच कळलं पाहिजे, आधी एका शब्दानेही सांगायचं नाही. हा एक प्रसंग जमेपर्यंत मी सहा वेळा लिहिला. पाच वेळा ती रडत होती. सहाव्या वेळी नुसता हात ठेवला तिने, आणि काढला नाही.

प्रेमाची कबुली म्हणाल तर ती मी वहीतून दिली. भट्टी बंद, पण केक आधीच तयार आहेत ना, आणि तो दिवसभर कागदपत्रांसाठी धावपळ करतोय, तर ही दोन्ही दुकानं सांभाळते. रात्री तो येतो आणि हिशोबाची वही उघडतो. तिच्या अक्षरात एकसष्ट ओळी. कुणी घेतला, किती सुटे परत दिले, कुणाची उधारी. शेवटची ओळ: "एक हातातून पडला, माझ्या नावावर." तो ती ओळ दोनदा वाचतो. दुकानदाराला दुसऱ्या दुकानदाराने याहून जास्त काय सांगायचं हो? मोठं भाषण, चौकात सगळ्यांसमोर कबुली, गुडघ्यावर बसणं, ते मला तरी नाही झेपत, तुम्हाला आवडत असेल तर करा, पण मग ते त्या माणसाच्या स्वभावात पहिल्यापासून दिसू दे.

जवळीक म्हणाल तर या प्रकारच्या गोष्टीत दार लोटून घेतात, वाचकाला ते माहीत असतं आणि तेच हवं असतं. बाकीची पात्रं तीन पुरेत. त्यातलं एक दोघांकडूनही खरेदी करणारं असावं, म्हणजे इकडची बातमी तिकडे नेता येते. बर्फ लागतोच असं नाही, अर्ध्या पृथ्वीवर नाताळ भर उन्हाळ्यात येतो, फक्त तिथे लिहिणार असाल तर माझी ही थंड भिंत चालायची नाही, तिथे उलट काहीतरी शोधा.

लांबीचं सांगते. अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरला नाताळपर्यंत रोज एक उघडायच्या अशा २४ खिडक्या असतात, तशीच २४ छोटी प्रकरणं करा, प्रत्येकी बाराशे शब्द धरले तरी २८-२९ हजार होतात, एका सुट्टीत वाचून संपतं. एक प्रकरण त्याच्या काउंटरवरून, एक तिच्या, पण तोच प्रसंग दोन्हीकडून परत सांगायचा नाही, कंटाळा येतो.

शेवट आनंदी, त्यावर तडजोड नाही. फक्त दोन गोष्टी करू नका. एकाचं दुकान बंद करून त्याला दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसवू नका, बहुतेक वेळा तिलाच बसवतात आणि ते वाचून माझं डोकं फिरतं. आणि भिंत पाडू नका. दोन दुकानांचं एक मोठं दुकान, मधे कमान, वर दोघांच्या नावाची पाटी, हे सुचतंच, मलाही सुचलं होतं. पण भट्टी तिथेच राहणार, मेणही तिथेच राहणार, मग वासाचं काय? त्यापेक्षा त्यांना उपाय करू द्या. तिने फळ्या समोरच्या भिंतीवर नेल्या आणि त्या गरम भिंतीला टेकून गिऱ्हाइकांसाठी एक बाक टाकला. त्याने छताची फट बुजवली आणि लोण्याला घट्ट झाकणाचे डबे आणले. ६ जानेवारीला, बारा दिवस संपून सजावट उतरवायच्या दिवशी, ते त्या बाकावर बसून उरलेल्या वाकड्या गुलाबी मेणबत्त्या मोजतात. तिथे मी थांबले.

ड्राफ्ट झाला की एक काम करा, फाइलमध्ये "दरवळ" शब्द शोधा. माझ्याकडे ३१ वेळा निघाला. तीन ठेवले.