पीएचपीमेलरने संकेतस्थळावरून ईमेल पाठवताना

मुलुंडमधल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रारीचा अर्ज आहे आणि सभासदाने तो भरला की मजकूर सचिवांना ईमेलने मिळावा, असे समजू. संकेतस्थळांसाठीच्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत यासाठी ‘मेल’ हे फंक्शन आयतेच आहे; पण ते पत्र सर्व्हरवरच्या मेल प्रोग्रामच्या हवाली करून मोकळे होते, त्यामुळे त्याने होकार दिला तरी पत्र पोहोचले असे म्हणता येत नाही. शिवाय त्यात हेडरच्या, म्हणजे पत्राच्या माथ्यावरच्या पाठवणारा, विषय वगैरे माहितीच्या, ओळी आपणच जुळवायच्या असल्याने, अर्जाच्या रकान्यात नवी ओळ घुसवून आपल्या सर्व्हरवरून भलत्यांनाच पत्रे पाठवण्याची वाट उघडी राहू शकते. म्हणून पीएचपीमेलर ही लायब्ररी, म्हणजे ईमेल पाठवण्यासाठीचा तयार कोड, घ्यावी.

ती कंपोझर या पीएचपीच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनानेच बसवावी. जुन्या प्रकल्पातली फाइल उचलून आणणे सोयीचे वाटते, पण ५.२.२० च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्यामार्फत सर्व्हरवर परकी आज्ञा चालवता येण्याची गंभीर त्रुटी होती, जी डिसेंबर २०१६ मध्ये उघड झाली.

त्यानंतर एसएमटीपी, म्हणजे मेल सर्व्हरशी थेट बोलून पत्र पाठवण्याची ठरलेली पद्धत, चालू करून होस्ट (मेल सर्व्हरचे नाव), यूजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट (सर्व्हरवरच्या जोडणीचा क्रमांक) भरावे. ५८७ या पोर्टवर जोडणी आधी साधी होते व मग ‘स्टार्ट टीएलएस’ने सुरक्षित होते, तर ४६५ वर ती पहिल्यापासूनच सुरक्षित असते, या जोड्यांची अदलाबदल झाली की स्क्रिप्ट ताटकळत राहते किंवा जोडणीच फसते. जीमेलचे खाते वापरायचे असल्यास नेहमीचा पासवर्ड चालत नाही, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. तो स्क्रिप्टमध्ये न लिहिता संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेरच्या फाइलमध्ये ठेवावा.

सर्वांत जास्त घोटाळा ‘फ्रॉम’ या रकान्यात होतो. तक्रार सभासदाची, म्हणून पाठवणारा म्हणून त्याचाच पत्ता घालावा, हे वरवर रास्त वाटते. परंतु पत्र निघते आपल्या सर्व्हरवरून, आणि त्या सर्व्हरला सभासदाच्या ईमेल कंपनीच्या नावाने पत्र पाठवण्याची मुभा नसते. घेणारा सर्व्हर डोमेनच्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी, म्हणजे त्या डोमेनच्या नावाने पत्र खरेच अधिकृतपणे आले का हे पडताळण्याच्या खुणा, ताडून पाहतो, आणि मेळ बसला नाही की पत्र स्पॅममध्ये टाकतो किंवा परत धाडतो. तेव्हा ‘फ्रॉम’मध्ये संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता द्यावा, सभासदाचा पत्ता ‘रिप्लाय टू’मध्ये घालावा, म्हणजे सचिवांनी उत्तर दिले की ते योग्य माणसाला जाते. संस्थेच्या डोमेनच्या या नोंदी मात्र डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या यंत्रणेत, आपणच भराव्या लागतात. लायब्ररी पत्र नीट बांधून देते, आपली पत निर्माण करून देत नाही.

मराठी मजकुरासाठी ‘कॅरसेट’, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत, यूटीएफ-८ ठेवण्यास विसरू नये, कारण पीएचपीमेलरचे मूळ मूल्य आयएसओ-८८५९-१ आहे आणि त्यात देवनागरी बसत नाही. मग ‘सी विंगच्या टाकीतून पाणी गळते’ या विषयाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसू लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते व त्यांतला पहिला बाइट सारखाच असतो, तोच हा ‘ए’. असे पत्र आले तर दोष फॉन्टमध्ये शोधत बसू नये.

पत्र जात नसेल तर ‘एसएमटीपी डीबग’ २ वर ठेवून आपली स्क्रिप्ट आणि मेल सर्व्हर यांच्यातला संवाद वाचावा. ५३५ हा आकडा आला तर पासवर्ड तपासावा; जोडणीच होत नसेल तर होस्टिंगवाल्याने ते पोर्ट बंद ठेवले आहे का, ते विचारावे. संकेतस्थळ लोकांसाठी खुले करताना हे मूल्य शून्य करावे, नाहीतर तो संवाद सभासदाच्या पडद्यावर उमटतो.

पुढे हीच व्यवस्था देखभाल शुल्काची बिले पाठवण्यासाठी वापरायची झाल्यास ‘एसएमटीपी कीप अलाइव्ह’ चालू करावे, म्हणजे दर पत्राला नवी जोडणी होत नाही. मात्र लूपच्या प्रत्येक फेरीत आधीचे पत्ते आणि आधीच्या जोडफाइली पुसून टाकाव्यात; त्या आपोआप पुसल्या जात नाहीत, आणि दुसऱ्या मजल्यावरचे बिल पहिल्या मजल्यालाही जाते, थकबाकीच्या आकड्यासकट.