स्वयंपाकातून इंग्रजी: ओळखीच्या शब्दांना घाबरा

स्वयंपाकातून इंग्रजी शिकायचं ठरवलं असेल तर भाज्या-फळांच्या नावांची यादी आधी बाजूला ठेवा. ती पाठ करायला सोपी, म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात आणि बरेचसे तिथेच थांबतात. पाककृती चालते क्रियापदांवर. आपण 'चिरणे' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र चॉप म्हणजे जमतील तसे तुकडे, डाइस म्हणजे एकसारख्या चौकोनी फोडी, मिन्स म्हणजे अगदी बारीक, स्लाइस म्हणजे चकत्या. उलट आपलं एकटं 'भाजणे' रोस्ट, बेक, टोस्ट आणि ग्रिल या चौघांचं काम सांभाळतं. हे तुम्हाला एव्हाना माहीत असेल. नसलं तरी शब्दकोशात सापडेल, त्याची मला काळजी नाही.

काळजी आहे ती माहीत असलेल्या शब्दांची. अनोळखी शब्द दिसला की आपण थांबतो, अर्थ बघतो, पुढे जातो. ब्लांच किंवा ज्युलियेन या शब्दांनी माझं कधी काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते क्रीमने. 'क्रीम द बटर अँड शुगर' या वाक्यातला एकही शब्द नवा नाही, मग शब्दकोश कशाला उघडायचा? वाचणारा सरळ साय शोधायला लागतो, आणि साहित्याच्या यादीत साय नसतेच. लोणी आणि साखर फिकट, हलकी होऊन फुलेपर्यंत फेटत राहा, एवढंच सांगायचं असतं. क्रीम इथे क्रियापद आहे.

एकदा हे लक्षात आलं की असे शब्द जागोजागी दिसू लागतात. सीझन म्हणजे ऋतू नव्हे, मीठ-मिरी घालून चव जुळवणं. टेंडर म्हटलं की आपल्याला निविदा आठवते, पण 'कुक अन्टिल टेंडर' म्हणजे मऊ शिजेपर्यंत. स्टॉकचा शेअर बाजाराशी संबंध नाही. हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी म्हणजे स्टॉक. क्रिकेटवेड्यांची तर आणखीच पंचाईत. टॉस म्हणजे हलक्या हाताने खालीवर करून मिसळणं, स्कोअर म्हणजे सुरीने वरवर चिरा पाडणं, आणि बॅटर म्हणजे भिजवलेलं सैल पीठ. रिझर्व्ह हाही साधाच शब्द, 'राखून ठेवा'. पण पास्त्याच्या पाककृतीत तो 'ड्रेन'नंतर येतो: पाणी काढून टाका, त्यातलं एक कप राखून. वाक्य अर्धवट वाचून हात चालवणाऱ्याचं पाणी तोवर मोरीत गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचा, मगच भांड्याला हात लावा.

याच्याही पुढचा फास म्हणजे नामांची झालेली क्रियापदं. बोन, पिट, शेल (टरफल), स्केल (माशाचे खवले), कोअर (फळाचा गाभा): या सगळ्यांत ती ती वस्तू काढून टाकायची असते. मासा बोन करायचा म्हणजे त्याचे काटे काढायचे, चेरी पिट करायची म्हणजे बी काढायची. सॉल्ट, बटर, ऑइल या शब्दांत मात्र उलट, ती वस्तू घालायची किंवा लावायची. मी हे वेगवेगळे पाठ करत बसले आणि सतत गोंधळत राहिले, कारण कुणी साधी खूण सांगितली नव्हती. जे पदार्थाच्या अंगचंच असतं ते काढायचं, जे आपण बाहेरून आणतो ते घालायचं. बहुतेक ठिकाणी हे चालतं. 'सीडेड' मात्र दोन्हीकडे पाय ठेवून उभा असतो: सीडेड टोमॅटो म्हणजे बिया काढलेला, सीडेड ब्रेड म्हणजे बिया घातलेला. इथे संदर्भाशिवाय इलाज नाही.

स्वल्पविरामाकडेही नीट बघा. 'वन कप वॉलनट्स, चॉप्ड' म्हणजे आधी अख्खे अक्रोड मोजा, मग चिरा. 'वन कप चॉप्ड वॉलनट्स' म्हणजे आधी चिरा, मग मोजा. अख्ख्या अक्रोडांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात कपात जास्त मावतात. व्याकरणाच्या पुस्तकांनी इतकं चविष्ट उदाहरण का सोडलं, देव जाणे.

ब्रिटिश-अमेरिकन फरकांचा फार बाऊ करू नका, फक्त पाककृती कुठली आहे ते आधी बघा. ब्रिटनमधलं कॉर्नफ्लोअर म्हणजे अमेरिकेतलं कॉर्नस्टार्च. अमेरिकन कॉर्न फ्लोअर हे मक्याचं दळलेलं पीठ. अमेरिकेतलं ब्रॉइल ते ब्रिटनमधलं ग्रिल. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलिलिटरचा, ब्रिटन-अमेरिकेत साधारण १५ चा.

आता शिकायचं कसं? जो पदार्थ तुम्हाला झोपेतही करता येतो, त्याचीच इंग्रजी पाककृती घ्या. पुढे काय घडणार हे माहीत असतं, त्यामुळे शब्दाचा अर्थ भांड्यातच दिसतो. सिमर म्हणजे काय ते व्याख्येने पक्कं होत नाही; उकळी फुटण्याच्या जरा खाली आच ठेवून बारीक बुडबुडे येताना पाहिले की होतं. 'इंग्रजीतच विचार करा' असं सांगणारे मार्गदर्शक मला कधी पटले नाहीत. शब्दच नसताना विचार कशाने करणार? खुशाल मराठीत समजून घ्या. आणि 'एका दिवसात शंभर शब्द' छाप व्हिडिओंवर वेळ घालवू नका, त्यापेक्षा कांदा चिरा.

एक धोका मात्र खरा आहे. पाककृतीची भाषा कापलेली असते. 'बीट अन्टिल फ्लफी' यात काय फेटायचं तेच लिहिलेलं नसतं, अ आणि द हेही बऱ्याचदा गाळलेले असतात. तेच तोंडात बसलं तर माणूस तार पाठवल्यासारखा बोलू लागतो. म्हणून जेवण झालं की केलेलं सगळं भूतकाळात, पूर्ण वाक्यांत मोठ्याने सांगा: आय टूक अॅन अनियन, आय पील्ड द अनियन, देन आय चॉप्ड इट. पहिल्यांदा अॅन, नंतर द, मग इट. आर्टिकल्सचा सराव इतक्या स्वस्तात दुसरीकडे होत नाही. पहिले काही दिवस अडखळाल, घरचे हसतील, हसू द्या. व्हिडिओत बोलत बोलत रांधणारे बल्लवाचार्यही ऐका, ते पूर्ण वाक्यं बोलतात. 'गिव्ह इट अ स्टर' हे छापील पाककृतीत क्वचित दिसेल, त्यांच्या तोंडी सारखं येतं.

सुरुवातीला पदार्थ निवडता येत नसेल तर अंडं घ्या. क्रॅक, सेपरेट, व्हिस्क, पोच, स्क्रॅम्बल, एवढी क्रियापदं त्या एकात निघतात. सेपरेट म्हणजे पिवळा बलक पांढऱ्यापासून वेगळा काढणं. अंडं चालत नसेल तर बटाटा आहेच: पील, बॉइल, मॅश, ग्रेट. हा ग्रेट कौतुकाचा नव्हे, किसण्याचा. उच्चार सारखाच आहे, स्पेलिंग तेवढं बघून ठेवा.