घरच्या घरी रफू: भोकापेक्षा भोकाभोवतीचं कापड बघा

खानदेशात कपडा बहुतेक शेतात नाहीतर चुलीपाशी फाटतो. बाभळीचा काटा किंवा पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) काडी कापड ओढून कोनात फाडते, ठिणगीने गोल भोक पडतं आणि पेटीत ठेवलेल्या लोकरी शालीला कसर लागते. रफू कशाचाही असो, तो टिकणार की नाही हे भोकाभोवतीच्या कापडावर ठरतं. म्हणून सुई हातात घेण्याआधी कपडा धुऊन वाळवा आणि खिडकीसमोर उजेडात धरा. जिथून उजेड जास्त पाझरतो तिथलं कापड विरलेलं असतं. तो सगळा भाग रफूच्या आत घ्यायचा आणि त्याच्याही पुढे ५-६ मिलिमीटर धड कापडात जायचं. विरलेल्या कडेवरच टाके संपवले तर एकदोन धुण्यांतच शेजारी नवं भोक पडतं.

दोरा शक्यतो त्याच कपड्याचा घ्या. शिवणीच्या आत जादा कापड असतं, पँटची खालची दुमड असते, साडीचं निऱ्यांकडचं आतलं टोक असतं. तिथून धागे ओढून काढता येतात. किनारीला समांतर जातो तो ताणा. त्याला पीळ जास्त असतो, म्हणून तो ओढताना सहसा तुटत नाही. असा धागा मिळालाच नाही तर भरतकामाच्या सहापदरी सुती दोऱ्याचा एकच पदर घ्या. रंग दिवसाच्या उजेडात, एक धागा कापडावर पसरून जुळवा. नेमका रंग नसेल तर किंचित गडद चालतो, फिका लगेच डोळ्यांत भरतो. मशीनचा पॉलिस्टर दोरा जुन्या सुती कापडावर वापरू नका. तो आजूबाजूच्या धाग्यांपेक्षा मजबूत असतो, त्यामुळे ताण पडला की कापडच कापलं जातं. नवा सुती दोरा आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे पुढे फारसा आटणार नाही.

सुई लांब आणि बारीक हवी. हातशिलाईच्या सुयांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दोरा ३० ते ४० सेंटीमीटरच घ्या. त्याहून लांब घेतला तर घासून त्याला पिंजलेले तंतू सुटतात. गाठ मारायची नाही, ती इस्त्रीनंतर उठून दिसते. कपड्याखाली पालथी वाटी धरली की भोकाची जागा सपाट राहते. कापड मात्र ताणून धरू नका. ताणलेलं सोडल्यावर रफूला चुण्या पडतात.

काम उलट्या बाजूने करा. लोंबणारे धागे कापू नका, ते विणीत दडतात. ठिणगीने सिंथेटिक कापडाची कड वितळून कडक झाली असेल तर मात्र तेवढीच कड छाटावी लागते. आता ताण्याच्या दिशेने बारीक धावदोरा घाला. भोक आलं की दोरा सरळ पलीकडे न्या आणि धड कापडात पुन्हा धावदोरा. परतताना वळणावर दोरा ओढून घट्ट करू नका, मिलिमीटरभर सैल फास ठेवा. धुतल्यावर दोरा थोडाफार आटतो तेव्हा हा फासच उपयोगी पडतो, नाहीतर रफूभोवती कापड गोळा होतं. ओळींमध्ये अंतर कापडातल्या धाग्यांइतकंच ठेवा.

मग आडवा बाणा. एका धाग्यावरून, पुढच्याखालून, आणि पुढच्या ओळीत बरोबर उलट. दोन ओळी सारख्या झाल्या तर तिथे वीण धरत नाही, दोरे नुसते पडून राहतात. दर दोनतीन ओळींनी सुईच्या टोकाने बाणा आधीच्या ओळीला भिडवा. जीन्सची वीण तिरपी असते. तिथे दोन धाग्यांवरून, एकाखालून, आणि दर ओळीला एक धागा सरकून, असं विणलं की तिरपी रेघ जुळते.

कोनात फाटलेलं असेल तर आधी दोन्ही कडा सैल तिरप्या टाक्यांनी भिडवा. कडा एकमेकींवर चढवायच्या नाहीत. मग दोन्ही फाट्यांवर फाट्याला आडवे टाके घाला. ते कोपऱ्यात एकमेकांवर आले पाहिजेत. ताण पडतो तो कोपऱ्यातच, म्हणून तिथे दुहेरी वीण हवी.

कसर लागलेली शाल रफूआधी घट्ट बंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, मग उन्हात झटका. अळ्या आणि अंडी राहिली तर रफूही खाल्ला जातो. लोकरीला सुती दोरा लावू नका, दोघांची लवचीकता वेगळी असते.

दोन सेंटीमीटरहून मोठ्या भोकाला ठिगळच लावा. त्यात कमीपणा काही नाही, ते रफूपेक्षा जास्त टिकतं. पैठणी, जरीचा काठ किंवा मऊ पडलेलं रेशीम मात्र रफूगाराकडेच द्यावं. चुकीचा टाका काढताना तिथलं रेशीम तुटतं.

शेवटी दोऱ्याची टोकं १ सेंटीमीटर विणीत परत नेऊन कापा. ओलसर सुती फडकं वर ठेवून उलट्या बाजूने इस्त्री दाबा, घासू नका. पहिलं धुणं हाताने, रफूची जागा न पिळता.